दुरुस्ती कुठवर पोचते?

२०२१ च्या जून महिन्यात, वळवाचे दोन पाऊस पडून गेल्यावर, शिरोळ तालुक्यातल्या एका ऊस उत्पादकाचा आमच्या कोल्हापूरच्या कार्यालयात फोन आला. "ताई, तुमच्या हुमणीच्या लेखात फोरेट टाकायला सांगितलंय. दुकानदार म्हणतोय, ते औषध बंद झालंय. मग आता टाकायचं काय?"

दुकानदाराचं बरोबर होतं. केंद्र सरकारने ऑगस्ट २०१८ मध्ये १८ कीटकनाशकांवर बंदीचा आदेश काढला. त्यांतली १२ लगेच बंद झाली आणि ६ ना मुदत मिळाली. फोरेट त्या सहांमधलं. त्याचा वापर ३१ डिसेंबर २०२० पासून पूर्ण बंद झाला. आमच्या शेतीविषयक मासिकाने ही बातमी वेळेवर छापली होती. पण या शेतकऱ्याच्या फोनमध्ये उघडलेला लेख होता २०१३ चा. आमच्याच संकेतस्थळावर तो पीडीएफच्या रूपात पडून होता आणि 'हा सल्ला आता लागू नाही' असा एक शब्दही त्यावर नव्हता.

कडुलिंब-बाभळीवर संध्याकाळी जमणारे हुमणी किडीचे भुंगेरे गोळा करून मारा, प्रकाश सापळा लावा, मेटारायझियम बुरशीचा वापर करा, कृषी विज्ञान केंद्रात दाखवा, असं मी त्यांना सांगितलं. फोन ठेवला आणि तो जुना लेख दुरुस्त करायला बसले. संध्याकाळपर्यंत झटूनही ते जमलं नाही. संस्थेसाठी मजकूर-व्यवस्थापनाची आणि प्रकाशनाची प्रणाली कशी निवडायची, याचा माझा खरा अभ्यास त्या दिवशी सुरू झाला. त्याआधी आम्ही एकदा निवड केली होती, आणि ती चुकली होती.

लेख दुरुस्त का होईना, याची कारणं दोन होती. पहिलं कारण जुनं. मराठी छपाईची एक अख्खी पिढी पेजमेकरवर पोसली गेली. त्याची शेवटची आवृत्ती २००१ ची, आणि युनिकोड त्याला कधीच कळलं नाही. विंडोज २००० पासून संगणकावर युनिकोड देवनागरी आली होती, पण पानं लावायचं साधनच ती वाचत नसेल तर छापखान्याला तिचा उपयोग काय? म्हणून आम्ही सगळे जुन्या पद्धतीच्या फॉण्टांत काम करत राहिलो. त्या फॉण्टांत पडद्यावर 'ऊस' दिसायचा, पण संगणकाच्या पोटात रोमन अक्षरं आणि चिन्हं साठायची. फॉण्ट काढून घेतला की खाली उरायचा निरर्थक चिन्हांचा ढीग. त्या ढिगाचीच पीडीएफ केलेली. तिच्यात 'हुमणी' हा शब्द शोधून सापडत नव्हता, कारण संगणकाच्या लेखी तो शब्द तिथे नव्हताच.

दुसरं कारण आमच्या निवडीचं. २०१४ मध्ये आम्ही एका कंपनीकडून संकेतस्थळ करून घेतलं, त्यांच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरवर. प्रात्यक्षिक फार देखणं होतं. मुखपृष्ठावर सरकणारी छायाचित्रं, रंगीत चौकटी, सगळं होतं. दाखवलेला नमुना मजकूर इंग्रजी होता, हे तेव्हा आमच्यापैकी कोणाच्या लक्षात आलं नाही. आम्ही 'दिसतं कसं' एवढंच विचारलं. 'चूक झाली तर दुरुस्त कोण करणार, किती वेळात, आणि ती दुरुस्ती कुठवर पोचणार' हे विचारलं नाही. पुढे सात वर्षं आम्ही एका लॉगिनवर काम केलं. लेखातला एक आकडा बदलायचा तरी कंपनीला ईमेल लिहायचा आणि वाट पाहायची. सोडून जायचं ठरवलं तेव्हा कळलं की आमचा मजकूर एकत्र बाहेर काढायची सोयच त्या सॉफ्टवेअरमध्ये नाही. डोमेनही आमच्या संस्थेच्या नावावर नव्हतं, त्यांच्या नावावर होतं. ते सोडवून घेण्यात जे महिने गेले, त्यांची किंमत कुठल्याच दरपत्रकात लिहिलेली नसते.

म्हणून दुसऱ्या वेळी आम्ही कोणत्याही सॉफ्टवेअरचं नाव घ्यायच्या आधी आमचं काम कागदावर मांडलं. एक लेख निवडला आणि तो कोणाकोणाच्या हातून जातो ते पाहिलं. लेखक कृषी विद्यापीठातले निवृत्त प्राध्यापक. ते फुलस्केपवर हाताने लिहितात. आमचे डीटीपीचे काका टाइप करतात. मुद्रितशोधक पहिलं वाचन करतात. मी संपादन करते. मात्रेचे आकडे तज्ज्ञांकडे तपासायला जातात. मग पान लागतं, दुसरं वाचन होतं, अंक छापखान्यात जातो. त्यानंतर तोच लेख संकेतस्थळावर, त्याचा सारांश व्हॉट्सॲपवर आणि दोन वर्षांनी पुस्तिकेत. एका लेखाची चार रूपं आमच्याकडे चार वेगळ्या फाइलींत राहत होती. एकीत केलेली दुरुस्ती उरलेल्या तिघींना कळत नव्हती. फोरेटचा घोटाळा इथेच होता. आमची बातमी खरी होती, लेख जुना होता, आणि दोघांची गाठ घालून देणारं कोणी नव्हतं.

या कागदावरून आमच्या गरजा आपोआप उतरल्या. मजकूर युनिकोडमध्ये आणि एकाच जागी राहावा. प्रत्येकाला त्याच्या कामापुरताच अधिकार असावा. कोणी कधी काय बदललं ते मागे जाऊन पाहता यावं. छापील पान त्याच मजकुरातून लावता यावं. आणि ज्या दिवशी हे सॉफ्टवेअर सोडावंसं वाटेल, त्या दिवशी सगळा मजकूर, छायाचित्रांसकट, उचलून नेता यावा.

मग तीन पर्याय टेबलावर घेतले: वर्डप्रेस, ड्रुपल आणि महिन्याच्या वर्गणीवर मिळणारी एक तयार सेवा. यावेळी प्रात्यक्षिक आम्ही दिलं, पाहुण्यांनी नाही. आमचा हुमणीचा लेख, मात्रेच्या तक्त्यासह, तिन्हीकडे चढवला.

परीक्षेचा पहिला शब्द होता 'शेतकऱ्यांना'. आमच्या मासिकात याहून जास्त वेळा येणारा शब्द नाही, आणि त्याच्यातच मराठीची खास खूण आहे, अर्ध्या र ची ती आडवी रेघ. ती संगणकात दोन पद्धतींनी लिहिली जाते: कोणी नुक्त्याचा ऱ वापरून हलन्त करतो, कोणी साधा र, हलन्त आणि मधे एक अदृश्य जोडचिन्ह टाकतो. डोळ्याला दोन्ही सारखेच, शोधयंत्राला वेगळे. एका पद्धतीने शोधलं तर दुसऱ्या पद्धतीने लिहिलेले लेख सापडत नाहीत. 'ॲ'चंही तेच. युनिकोडमध्ये हे अक्षर स्वतंत्रपणे आलं २००८ मध्ये. त्याआधीची माणसं अ वर चंद्र देऊन ते लिहीत, आणि अजूनही अनेक जण तसंच लिहितात. त्यामुळे 'ॲझाडिरॅक्टिन' शोधणाऱ्याला निंबोळी अर्कावरचे आमचे निम्मे लेख दिसले नाहीत. तिन्ही प्रणाली इथे मूळ स्थितीत नापास झाल्या. फरक एवढाच की पहिल्या दोघींमध्ये मजकूर साठवताना दोन्ही रूपं एक करून घेणारा छोटा कोड आम्हाला घालता येणार होता. तिसरीत आतमध्ये हात घालायची मुभाच नव्हती.

दुसरी परीक्षा पत्त्याची. वर्डप्रेस लेखाच्या शीर्षकावरून त्याचा वेबपत्ता बनवतं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह संगणकात तीन बाइटचं, आणि पत्त्यात प्रत्येक बाइटची तीन चिन्हं होतात. म्हणजे एका चिन्हाची नऊ. वर्डप्रेसमध्ये या पत्त्याला २०० ची मर्यादा आहे, त्यामुळे मराठीची जेमतेम बावीस चिन्हं त्यात बसतात. काना, मात्रा, अनुस्वारही त्यातच मोजायचे. 'शेतकऱ्यांसाठी हुमणी नियंत्रण' हे शीर्षक 'नियं' वर तुटलं. शिवाय तो पत्ता व्हॉट्सॲपवर चिकटवला की टक्क्यांच्या खुणांची लांबलचक माळ दिसते आणि गावाकडचा माणूस ती फसवणुकीची लिंक समजून उघडत नाही. आम्ही ठरवलं की पत्ता रोमन अक्षरांत, दोन-तीन शब्दांचा, हाताने द्यायचा. गोष्ट लहान आहे, पण पहिल्याच दिवशी ठरवली नाही तर नंतर हजारो पत्ते बदलावे लागतात.

मजकुराची रचना या कसोटीवर ड्रुपल सरस होतं, हे मी प्रामाणिकपणे लिहून ठेवते. पीक, कीड, औषध, मात्रा, प्रतीक्षा काळ असे वेगवेगळे रकाने करून लेख साठवणं त्याच्या स्वभावातच आहे. वर्डप्रेसचा जन्म २००३ चा, तोही दैनंदिनीसारखं लेखन प्रसिद्ध करण्यासाठी; रकान्यांची सोय त्याला वरून जोडावी लागते. तरीही आम्ही वर्डप्रेस घेतलं. कारण ड्रुपलच्या सातव्या आवृत्तीवरून आठव्यावर जाताना अनेकांना संकेतस्थळ जवळजवळ नव्याने बांधावं लागलं होतं, आणि ते सांभाळू शकणारा माणूस कोल्हापूर-सांगलीत आम्हाला मिळाला नाही. वर्डप्रेस जाणणारी मुलं जयसिंगपुरातही भेटली. तालुक्याच्या गावात ज्याचे सुटे भाग मिळतात तोच पंप शेतकरी घेतो. आम्हीही तेच केलं, आणि त्यात मला कमीपणा वाटत नाही.

वर्डप्रेसच्या भूमिका आमच्या कामाला नेमक्या बसल्या. 'काँट्रिब्युटर' लिहू शकतो, प्रसिद्ध करू शकत नाही. टंकलेखनाला तोच अधिकार पुरतो. 'एडिटर' दुसऱ्याचा लेख तपासून प्रसिद्ध करतो. तो अधिकार मुद्रितशोधक आणि मला. 'ॲडमिनिस्ट्रेटर' दोनच माणसं. प्रत्येक बदलाची जुनी प्रत आत राहते, त्यामुळे मात्रेचा आकडा कोणी, कधी बदलला हे पाहता येतं. ही सोय चूक कुठे शिरली ते शोधण्यासाठी वापरायची, माणूस पकडण्यासाठी नाही, हे मी पहिल्याच बैठकीत सांगितलं.

पैशांचंही स्पष्ट लिहायला हवं. वर्डप्रेस मुक्त सॉफ्टवेअर आहे, परवान्याला पैसा पडत नाही. पण सर्व्हर, रोजचा बॅकअप, अद्ययावत ठेवण्याचं काम, माणसांचं प्रशिक्षण आणि या सगळ्यावरचा १८ टक्के जीएसटी हे खर्च वर्षानुवर्षं असतात. जोडावी लागणारी प्लगइन जितकी जास्त, तितक्या चोराला दारं जास्त. म्हणून प्रत्येक प्लगइनमागे आम्ही विचारलं, हे नसेल तर काम अडतं का? बहुतेकांचं उत्तर 'नाही' आलं.

छपाईसाठी इनडिझाइन घेतलं. देवनागरीची जोडाक्षरं नीट लावणारी सोय त्यात सीएस६ आवृत्तीपासून आहे. स्क्रायबस मोफत आहे आणि मनातून मला तेच हवं होतं, पण ज्या १.५ मालिकेत त्याने देवनागरी हाताळायला घेतली ती २०२१ मध्ये अजून चाचणी अवस्थेतच होती, आणि महिन्याच्या महिन्याला अंक काढणाऱ्याला चाचणीवर विसंबता येत नाही. लेखाचं शीर्षक, उपशीर्षक, चौकट, तक्ता यांना वर्डप्रेसमध्येच नावं दिली, त्याच नावांच्या शैली इनडिझाइनमध्ये केल्या. मजकूर आत ओतला की ऐंशी टक्के पान आपोआप उभं राहतं. उरलेलं वीस टक्के माणसाच्या नजरेचं काम आहे, आणि ते तसंच असावं.

एक प्रश्न कोणत्याच सॉफ्टवेअरने सोडवला नाही. अंक छपाईला जाण्याच्या रात्री, लागलेल्या पानावर, दोन ओळी कमी करायच्या असतात, एखादा आकडा बदलायचा असतो. ती दुरुस्ती पानावर होते आणि मूळ मजकुरात राहून जाते. यावर आम्ही नियम केला: पान लागल्यानंतरची प्रत्येक दुरुस्ती आधी मूळ लेखात, मग पानावर. पहिले चार महिने तो वारंवार मोडला. मग मुद्रितशोधकांनी सुचवलं की शेवटच्या प्रूफावर सही करताना 'मूळ प्रतीत केली' असा शिक्काच असू दे. शिक्का करून आणला, दीड इंचाचा, रबराचा. तेव्हापासून नियम पाळला जातो.

सगळ्यात मोठं काम होतं जुने अंक. जुन्या फॉण्टांतला मजकूर युनिकोडमध्ये बदलणारी साधनं आहेत, अक्षरं ती बऱ्यापैकी सांभाळतात. आकड्यांवर मात्र विसंबू नये. एका लेखात '२.५ मिली' मधलं दशांशचिन्ह गळून '२५ मिली' झालं होतं. दहा लिटर पाण्यात अडीच मिलीऐवजी पंचवीस मिली म्हणजे पीक करपलं, आणि फवारणाऱ्याच्या अंगावर विष आलं. ते पाहिल्यावर मी सगळं काम दोन आठवडे थांबवलं. मग छापखान्याची जुनी रीत परत आणली: एकाने छापील अंकातून मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने पडद्यावर जुळवायचं, दशांशचिन्हाला 'टिंब' म्हणून उच्चारायचं. फक्त आकडे आणि औषधांची नावं. सगळे अंक चढवायचा हट्टही सोडला. ज्या विषयांवर फोन येतात ते आधी: हुमणी, खोडवा व्यवस्थापन, द्राक्षाची छाटणी, सोयाबीनवरची खोडमाशी.

या सगळ्यात आमच्या डीटीपीच्या काकांबद्दल लिहिल्याशिवाय हे अनुभवकथन पुरं होणार नाही. तीस वर्षं एका कीबोर्डवर त्यांची बोटं बसलेली. युनिकोड म्हणजे इनस्क्रिप्ट ही कीबोर्डची मांडणी शिकावीच लागेल, असं आम्हाला सगळे सांगत होते, आणि काका गप्प गप्प होत चालले होते. एका दुपारी ते म्हणाले, "बाईसाहेब, बोटं बदलायची माझी उमर राहिली नाही. मी कामाला येतो का नको, ते सांगा." मला फार लागलं ते. चौकशी केल्यावर कळलं की टंकयंत्राच्या मांडणीवरूनही युनिकोड टाइप करता येतं. साधन निराळं लागतं, बोटं तीच चालतात. हे आम्ही आधीच शोधायला हवं होतं. आज आमच्या कार्यालयात सगळ्यात शुद्ध युनिकोड मजकूर काकांचा असतो, कारण कुठलं जोडाक्षर कुठे तुटतं हे त्यांच्या नजरेला आधीपासून ठाऊक आहे. सॉफ्टवेअर निवडताना माणसांचा विचार शेवटी नाही, पहिल्या बैठकीत करायचा असतो.

आता आमच्या प्रत्येक पीकसंरक्षण लेखाच्या माथ्यावर एक ओळ असते: शेवटची पडताळणी, महिना आणि वर्ष. बंद झालेल्या कीटकनाशकांची सूचना एकाच जागी लिहिलेली आहे आणि ती त्या औषधाचं नाव असलेल्या प्रत्येक लेखात उमटते. यादी बदलली की एकदाच बदलतो, सगळीकडे बदलते. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी संपूर्ण मजकूर बाहेर काढून आमच्या स्वतःच्या डिस्कवर ठेवतो, आणि वर्षातून एकदा तो दुसऱ्या संगणकावर नव्याने उभा करून पाहतो. उघडून न पाहिलेला बॅकअप म्हणजे नुसता समज.

प्रकाशन संस्था असो, सहकारी साखर कारखान्याचं मुखपत्र असो, शिक्षणसंस्था असो की औषधांची माहितीपत्रकं काढणारा उद्योग, जे कोणी अशी प्रणाली निवडायला निघाले असतील त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. प्रात्यक्षिकाला जाताना आपला स्वतःचा, सगळ्यात अवघड, जोडाक्षरांनी आणि आकड्यांनी भरलेला लेख घेऊन जा. डोमेन पहिल्या दिवसापासून संस्थेच्या नावावर घ्या. विकणाऱ्याला सांगा, आमचा मजकूर आत टाकून दाखवलात, आता तो सगळा बाहेर काढून दाखवा. आणि त्या लेखातला एक आकडा त्याच्यासमोर बदलून, तो किती ठिकाणी बदलला ते स्वतः मोजा. त्यानंतरच सही करा.

शिरोळच्या त्या शेतकऱ्याने वाचलेला लेख आम्ही काढून टाकलेला नाही. तो तिथेच आहे, त्याच पत्त्यावर. फक्त त्याच्या पहिल्याच ओळीत आता लिहिलेलं आहे की फोरेटच्या वापरावर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे.